दुसऱ्या लिफाफ्यातला खुनी

नरहर पांढरीपांडे यांनी भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या खरेदी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली. या काळात त्यांनी टाचण्यांपासून चाळीस टनी क्रेनपर्यंत सगळं खरेदी केलं आणि टाचण्या सोडल्या तर त्यातलं काहीच डोळ्यांनी पाहिलं नाही. तशी गरजही पडत नसे. फायलीत सगळं असायचं.

रहस्यकथा लिहायचं वेड त्यांना नागपूरच्या कॉलेजपासूनच होतं. कारखान्याच्या पिपलानी टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये संध्याकाळी चहा झाला, की रद्द झालेल्या टेंडर फॉर्मांच्या कोऱ्या पाठी घेऊन ते बसत. निवृत्तीला सात महिने उरले असताना त्यांची पहिली कादंबरी पुरी झाली. नाव ‘बे नंबर चार’, म्हणजे कारखान्याच्या शेडचा चौथा कप्पा. सुट्टीच्या दिवशी बंद शेडमध्ये क्रेनचा आकडा डोक्यात पडून स्टोअरकीपर मरतो, आणि संशय पाच जणांवर येतो. क्रेनचा आकडा किती वजनाचा, साखळी किती लांब, सगळं मोजूनमापून लिहिलेलं होतं. कारण त्या क्रेनची फाइल त्यांच्याच टेबलावरून गेली होती.

निवृत्तीच्या समारंभात शाल आणि घड्याळ मिळतं, हे त्यांना माहीत होतं. त्या दिवशी आपल्या हातात आपलं छापील पुस्तक असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ही इच्छा त्यांनी फक्त पत्नीला, कांचनताईंना सांगितली होती. म्हणजे पिपलानीत सगळ्यांना ठाऊक होती.

पुण्याच्या रत्नप्रभाबाई आगटे रहस्यकथा छापत. त्यांच्याकडे कादंबरी पाठवताना नरहररावांनी आयुष्यभर पाळलेला नियम पाळला. खात्यात टेंडर दोन लिफाफ्यांत येई. पहिल्यात मालाची माहिती, दुसऱ्यात किंमत. पहिला पसंत पडला तरच दुसरा फोडायचा. तेव्हा नरहररावांनी पहिल्या लिफाफ्यात सतरा प्रकरणं घातली. दुसऱ्यात अठरावं, म्हणजे खुनी. त्यावर लाख लावली आणि लिहिलं, ‘पहिला लिफाफा मान्य झाल्यासच उघडणे.’

“अहो, ती बाई कादंबरी वाचणार आहे, बोल्ट घेणार नाहीये,” कांचनताई म्हणाल्या.

“गोपनीयता असते, कांचन.”

गोपनीयतेपायी त्यांनी अठरावं प्रकरण हाताने लिहिलंच नव्हतं. एम. पी. नगरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये रोज अर्धा तास बसून, मागे कोणी उभं नाही हे बघत, त्यांनी ते एका बोटाने टाइप केलं. फ्लॉपीवर घेतलं आणि क्लासच्या मशीनमधून पुसून टाकलं. लिफाफ्यात ती फ्लॉपी गेली.

दीड महिन्याने, एका शनिवारी, पत्र आलं. पहिला लिफाफा फार आवडला, रत्नप्रभाबाईंनी लिहिलं होतं. दुसरा उघडला. आमच्या कॉम्प्युटरवर तुमची फ्लॉपी लावली तर नुसते चौकोन दिसतात, तो फॉन्ट आमच्याकडे नाही. खुनी एक चौकोन आहे एवढं कळलं. या सालची यादी सोमवारी सकाळी छापखान्यात जाते, नंतर पुढच्या वर्षी. शेवट ऐकल्याशिवाय मी पुस्तक घेत नाही. रविवारी दहाला घरी आहे, फोन करा.

पुढच्या वर्षी नरहरराव कारखान्यात नसणार होते.

रविवारी दहाला ते कुशवाहाच्या एस.टी.डी. बूथवर पोचले. बूथचं काचेचं दार दिवाळीपासून लागत नव्हतं. बाहेर सहा-सात माणसं नंबर लावून उभी होती. नरहररावांनी फोन लावला आणि खालच्या आवाजात सुरुवात केली. लाइन खराब होती.

“मोठ्याने बोला,” पलीकडून रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

ते मोठ्याने बोलले. रांगेतली माणसं दाराशी सरकली. घड्याळाकडे बघणाऱ्यांनी बघणं सोडलं.

“...आणि मग इन्स्पेक्टर म्हणतो, खुनी दुसरा कोणी नाही. अकाउंट्स ऑफिसर! त्यानेच रविवारी बे नंबर चारमध्ये शिरून क्रेन चालवली.”

रांगेत कोणीतरी खाकरलं. तो गजानन होता, बे नंबर चारचा क्रेन ऑपरेटर.

“साहेब, एक बोलू? रविवारी क्रेनची मेन स्विच बंद असते. कुलूपबंद. चाबी फक्त शिफ्ट इन्चार्जकडे.”

“फायलीत असं काही नाही,” नरहरराव रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले.

“फायलीत नसेल. स्विचवर आहे.”

“तो फिर मारा किसने?” कुशवाहाने विचारलं. मीटर फिरत होता, पण तोही मीटरकडे बघत नव्हता.

“तेच म्हणतोय ना मी,” गजानन म्हणाला. “चाबीवाल्याने. पक्का.”

अठ्ठावीस वर्षांत नरहररावांनी उघडलेला लिफाफा कधी बदलला नव्हता. मग त्यांना आठवलं की तिसऱ्या प्रकरणात शिफ्ट इन्चार्ज किल्ल्यांचा जुडगा वाजवत चहा पितो. सातव्यातही वाजवतो. नुसतं त्याला हातात काहीतरी द्यायचं म्हणून त्यांनी ते लिहिलं होतं.

त्यांनी हात काढला. “बाई, दुरुस्ती आहे. शिफ्ट इन्चार्ज.”

“हं,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “मला सातव्या प्रकरणापासून त्याचाच संशय होता. तुमचा अकाउंट्सवाला ऐकून मी पुस्तक परत पाठवायच्या बेतात होते. ते मागे बोलतायत ते कोण?”

“समिती आहे,” नरहरराव म्हणाले.

“त्यांना धन्यवाद सांगा. अठरावं प्रकरण नव्याने लिहून आठ दिवसांत पाठवा. हाताने. आणि एकाच लिफाफ्यात. नाव यादीत घालते.”

रांगेने टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. एकाने फक्त विचारलं की इन्चार्जने मारलं कशासाठी. यावर कुशवाहाच्या बाकावर पाऊण तास चर्चा झाली, आणि नरहररावांनी टेंडर फॉर्मच्या पाठीवर मुद्दे उतरवून खाली सर्वांच्या सह्या घेतल्या. पुढे पुस्तक आलं तेव्हा खुनी कोण हे टाउनशिपला पाठ होतं. तरी प्रत्येकाने ते विकत घेतलं, आपला मुद्दा आत आहे की नाही ते बघायला.

पण ते नंतरचं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नरहरराव डोक्यावर हेल्मेट घालून गजाननबरोबर आयुष्यात पहिल्यांदा बे नंबर चारमध्ये गेले. मान वर करून बराच वेळ उभे राहिले.

“काय झालं, साहेब?”

“पिवळी आहे.”

“क्रेन? पिवळीच असते.”

“मी सतरा प्रकरणांत ती करडी लिहिलीय,” नरहरराव म्हणाले. “फायलीतला फोटो काळा-पांढरा होता.”

संध्याकाळी ते बूथवर पोचले तेव्हा कुशवाहाने काही न विचारता पुण्याचा नंबर फिरवायला घेतला, आणि रांगेतल्यांनी त्यांना पुढे जागा करून दिली.