घेर कुणाचा फाटला

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही — ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगते.

ऐंशीच्या दशकात सौसरला आमचं शेड होतं. संत्र्यांच्या अन् कापसाच्या ह्या मुलखात आम्ही विमानाचे सुटे भाग बनवायचो — विश्वास बसतो? नागपूरहून माणसं मुद्दाम पाहायला यायची. पुढे हॉवरक्राफ्टचं काम आलं. पाण्यावरून, चिखलावरून हवेच्या जोरावर तरंगत जाणारी गाडी ती. तिच्याखाली रबरी कापडाचा घेर असतो. पंख्यानं त्यात हवा भरली की गाडी उचलली जाते. तो घेर शिवला आम्ही दोघी जावांनी — मी आणि धाकटी शांता. मला अजून त्याचा अभिमान आहे. का नसावा?

अर्धा घेर तिचा, अर्धा माझा. शिवणीवर सोल्युशन लावायचं, सुकू द्यायचं, मग वरून रबराची पट्टी दाबायची. शांताचा हात फार सफाईचा. शेडमधले कारागीर तिचंच नाव घ्यायचे — आणि थोरली तर मी होते ना? तिच्याआधी संपवायचं म्हणून शेवटच्या पट्ट्या मी ओल्यावरच चिकटवल्या.

मोहगावकडच्या एका तलावावर चाचणी झाली. गाडी उचलली, काठ सुटला — आणि घेर फाटला. चालवणारे भाऊजी, म्हणजे शांताचे यजमान, गाडीसकट कलंडले. लोकांनी उड्या टाकून त्यांना बाहेर काढलं.

फाटकी शिवण मी हातात घेतली. टोकाला दोन उलटे टाके. ती माझी सवय, शांता तसे कधी घालत नसे.

ह्यांनी विचारलं, "कोनाची बाजू व्हय हे?"

मी म्हटलं, "शांताची."

किती सोपं होतं — एकच शब्द! हे तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणून तिच्याशी थेट बोलत नसत. "तिले सांगून दे, उद्यापासून शेडमधी नको येऊ म्हना." तो निरोपही मीच नेला. ती भाऊजींचे ओले कपडे पिळत होती. म्हणाली, "माहाच हात चुकला असन, बाई. हे बुडाले असते तं?"

आणि मी — मी काय केलं? मान डोलावली.

दुसरा घेर मी एकटीनं शिवला. एकेक पट्टी नीट सुकू दिली. काय चालली ती गाडी! तलावभर फिरली, पलीकडच्या चिखलावर चढली, परत आली. पाहुण्यांनी माझ्या हातात नारळ दिला. काठावर शांताही आली होती. सगळ्यांत जोरात टाळ्या तिच्या. "माह्या जाऊबाईनं शिवलं हे," ज्याला-त्याला सांगत होती. तेव्हा मला लाज वाटली का? नाही. खरं सांगते — अभिमानच वाटला.

शांतानं त्यानंतर मशीनला हात लावला नाही. घरची झंपरंही ती बाहेर शिवायला टाकते. परवा तिच्या सुनेनं शिवण शिकायचं काढलं. शांता तिला म्हणाली, "माह्याजवळ नको शिकू. थोरल्या बाईकडं जाय. माह्या हातानं एकदा तुह्या सासऱ्याले बुडवलं असतं."

आता सून रोज दुपारी माझ्याकडे येते. मी तिला शिकवते.