गॅलरीचं दार

लातुरात कोचिंगच्या पोरांसाठी मी वर खोल्या बांधल्या आणि कुणालाही न दाखवता गॅलरीचा स्लॅब ओतून घेतला.

शेजारचे मिस्त्रीचाचा भूकंपापासून चहासुद्धा अंगणातच प्यायचे. कुणाच्या घरात शिरले की आधी छत न्याहाळायचे, आम्ही हसायचो. आता ती नजर फार आठवते.

एकदा गॅलरीत चार पोरं अभ्यासाला बसलेली. वर आलेल्या चाचांना स्लॅबवर भिंतीलगत भेग दिसली.

"बेटा, एकेक करून आत या. हळू."

पोरं आत आल्यावर त्यांनी स्वतःच दाराला आडव्या फळ्या ठोकल्या. मग मला विचारलं, "सळया कुठं टाकल्या?"

"तळाला. चांगल्या जाड टाकल्यात, चाचा."

"गॅलरी भिंतीबाहेर लोंबते, ताण वरच्या अंगाला येतो; सळया तिथं लागतात. ओतायच्या आधी एक हाक मारायची, मी भिंतीपलीकडंच होतो." हातोडी पिशवीत टाकत ते म्हणाले, "अन् तुमी पोरांना फिजिक्स शिकवून राहिले, सर?"