रेघेत उभी राहा

सिंगापूरला, सेरंगून भागात राहायला आल्यावर पहिलं वर्ष फार एकटं गेलं. नवरा सकाळीच तांजोंग पगार भागातल्या बँकेत निघून जायचा. पाच वर्षांची लेक दुपारी शाळेतून यायची, तीही इंग्रजी बोलतच. पुण्यात मी पुस्तकांची मुखपृष्ठं करायचे. इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर, कामाची परवानगी नसल्याने, नुसती घरात बसले होते. मग मॉलमधल्या लायब्ररीतून एका डच चित्रकाराविषयीची पुस्तकं आणायला लागले.

तो मुलांसाठी चित्रं काढायचा, शिवाय पोस्टरं आणि मुखपृष्ठंही करायचा. जाड काळी रेघ, आत एकच सपाट रंग, बस्स. ज्याला हे सोपं वाटतं त्याने एकदा काढून बघावं. त्याच्यावरची तीन पुस्तकं होती, ती मी आलटूनपालटून आणायचे आणि वाचता वाचता मराठी करून लेकीला सांगायचे. हा माणूस एका रेघेवर अख्खा दिवस घालवायचा, हे काही तिला पटेना.

"रेघ म्हणजे?" तिने विचारलं.

"लाइन," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, ती एका स्टॉलकडे धावली आणि ऐटीत म्हणाली, "आई, इकडे रेघेत उभी राहा."

कित्येक महिन्यांतलं तिचं पहिलं अख्खं मराठी वाक्य. मला इतका आनंद झाला की सांगितल्याशिवाय राहवेना. रविवारी चार मराठी कुटुंबं जेवायला आली, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. रांगेला रेघ म्हणते म्हणून सगळे खो खो हसले, सगळ्यांत जास्त मीच. "मग मी रेघेत कितवा?" असं विचारत एका काकांनी ताट पुढे केलं. लेक आतल्या खोलीत निघून गेली. मला वाटलं, दमली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पुस्तक घेऊन बसलो. एका पोस्टरवर छत्री होती.

"हे काय गं?"

"अम्ब्रेला."

"आणि मराठीत?"

ती काळ्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"आय नो द वर्ड, आई," ती शांतपणे म्हणाली. "बट यू विल टेल अंकल-आंटी."

पुढे मी पुष्कळ मनधरणी केली. माझी मराठी तिला आजही सगळी समजते. उत्तर मात्र इंग्रजीतच येतं, आणि त्याबद्दल तिच्यावर रागवायला मला तोंड नाही.