अथेन्समधली बाकं

दुपारी तीनच्या सुमाराला ऋजुताचे डोळे मिटायला लागतात, तेव्हा तिच्या गालाखाली अथेन्स असतं. चार कागद चिकटपट्टीनं जोडून केलेला नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे आणि तिचं डोकं त्यावर टेकलंय. उजव्या हातात पेन्सिल तशीच आहे. डोळ्यांच्या अगदी जवळ, इतकी जवळ की धूसर दिसावी, बागेतली एक पायवाट आहे. वाटेच्या कडेनं तिनंच काढलेले बारीक चौकोन आहेत. एक चौकोन म्हणजे एक बाक.

ही बाकं हेमाआत्यासाठी शोधलेली. हेमाआत्याला जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

सकाळी मिरजेहून बाबांचा फोन येऊन गेला. "एजंटाला सहापर्यंत कळवायचंय. तुझं आणि ताईचं, दोन्ही तिकिटं रद्द करायला सांगू ना?" असं त्यांनी विचारलं आणि ऋजुता म्हणाली, "सांगते थोड्या वेळानं." बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. आत्यानं लग्न केलं नाही. ती त्यांच्याच घरात राहिली आणि चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत पीटी शिकवली. परदेशातलं तिला एकच बघायचं होतं. अथेन्समधलं ते संगमरवरी मैदान, जिथं अठराशे शहाण्णव साली ऑलिंपिक नव्यानं सुरू झालं. "एक फेरी मारायची," ती म्हणायची. "चालतच. धावायचं वय गेलं."

ऋजुता भौतिकशास्त्र शिकलेली, पुण्यात मोजमापाची उपकरणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. चांगला नकाशा शोधण्यात तिनं तीन महिने घालवले. पर्यटकांसाठीच्या छापील नकाशात देवळं रस्त्यांपेक्षा मोठी आणि प्रमाणाचा पत्ताच नाही. फोनवरचा नकाशा म्हणतो तेरा मिनिटं. कुणाची तेरा मिनिटं? शेवटी हौशी लोकांनी मिळून केलेला एक नकाशा सापडला, त्यात चढ होते, पाण्याचे नळ होते, बाकंसुद्धा होती. पण त्याही आधी तिनं आत्याला विचारलेलं, "न थांबता किती चालतेस?" आणि आत्या म्हणालेली, "एक किलोमीटर. आरामात." मोठ्या चौकापासून बागेतून मैदानापर्यंत नऊशे साठ मीटर भरतात. चाळीस मीटर शिल्लक राहतात. सगळा नकाशा त्या एका आकड्यावर उभा होता.

सराव म्हणून ऋजुतानंच तिला रोज संध्याकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला सांगितल्या. आत्या रोज फोन करून वेळ कळवायची. "झालं बाई. एक किलोमीटर, चौदा मिनिटं." आणि एका संध्याकाळी ती मैदानाच्या ओट्यावर बसलेली सापडली. भिंतीला डोकं टेकून, चपला काढून बाजूला जोडीनं ठेवलेल्या. फेऱ्या मारून बसली होती, की मारायच्या आधीच, ते कुणालाच सांगता येत नाही. ऋजुताला तेवढंच कळायला हवंय. मारून बसली असेल, तर तिला चालायला लावणारी ऋजुता आहे.

पायवाट आणखी धूसर होते. चौकोनांना पाय फुटल्यासारखे दिसतात.

"ऊठ की. लाळ गळेल तुझ्या अथेन्सवर."

टेबलाच्या पलीकडे आत्या बसली आहे. अंगावर शाळेतली पांढरी साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. ऋजुताला आश्चर्य वाटत नाही. उलट तिला वाटतं, हिला चहा विचारायला हवा होता.

"कधी आलीस?"

"मी कुठं जातेय? तूच गेलीस डोळे मिटून." आत्या नकाशावर वाकते. "हे हिरवं काय?"

"बाग."

"आणि ह्या रेघा?"

"चढाच्या. एकेक रेघ म्हणजे दोन मीटर उंची."

रेघा पांढऱ्या आहेत, जाड आहेत, मैदानावर फक्कीनं आखतात तशा. त्या पायांखालून दूरपर्यंत गेल्यात. समोर शाळेचा झेंड्याचा खांब आहे, ओटा आहे, चिंचेच्या झाडाखालचा नळ आहे. आत्याच्या हातात फक्कीचं घमेलं आहे आणि ती वैतागली आहे.

"माझ्या मैदानावर हे कुणी ओढलं? हे मैदान सपाट आहे. चौतीस वर्षं मी सपाट ठेवलंय."

"मोजून काढलंय, आत्या."

"मग चालून बघ."

ऋजुता पाऊल टाकते. पहिली रेघ ओलांडते, दुसरी ओलांडते, आणि तिसऱ्या रेघेला तिच्या छातीत काहीतरी आवळून येतं. मैदान दिसायला सपाटच आहे. कडेच्या भिंतीवरून पाण्याची पातळी धरली तरी सपाटच भरेल. तरी पोटऱ्या भरून आल्यात, टेकडी चढताना येतात तशा. ती मागे वळून बघते. आत्या दोन रेघा खाली उभी आहे आणि कुणाशी तरी बोलते आहे.

"काय हो, घेवडा कसा दिला?"

भाजीवाली भाव सांगते. मिरजेच्या बाजारातली ती अरुंद गल्ली, फक्त खाली फरशी नाही, संगमरवर आहे, वापरून गुळगुळीत झालेला. भाजीच्या पाट्या पायऱ्यापायऱ्यांवर मांडल्यात. आत्या घेवडा हातात घेते, शेंग मोडून बघते, परत ठेवते. मग पुढच्या पायरीवर पंखे दुरुस्त करणारा बसलाय, त्याच्या मुलीची दहावी कशी गेली ते विचारते. मग औषधाच्या दुकानाच्या कठड्याला हात टेकून, आत कुणी नसताना, नुसतीच आत बघते.

ऋजुताला ही गल्ली ठाऊक आहे. डिसेंबरात ती घरी गेली होती तेव्हा दोघी इथून आल्या होत्या. आत्या अशीच थांबत होती. अकरा वेळा. अकरा हा आकडा तिच्या लक्षात आहे, कारण ती चिडून मोजत होती.

"तेव्हा मी तुला काय म्हणाले होते?" ऋजुता विचारते.

"म्हणालीस, म्हातारपणी तुला फार गप्पा सुचायला लागल्यात."

"आणि तू हसलीस."

"हसायला दम लागत नाही, बोलायला लागतो." आत्या अजून कठड्याला धरून आहे. "एक सांग. आपल्या घरात घेवडा कोण खातं?"

ऋजुता विचार करते. बाबा खात नाहीत. आत्यानं उभ्या जन्मात घेवड्याला हात लावला नाही.

"कुणीच नाही."

"मग?"

पायऱ्या वर चढत जातात. ऋजुताला प्रत्येक थांबा आता दिसतो, भाजीवाली, पंखेवाला, शिंप्याचं स्टूल, कठडा. त्यांच्यामधलं अंतर तिनं न मोजताच डोक्यात येतं. साठ पावलं. साठ. पंचावन्न. साठ. सगळं अथेन्स तिनं मीटरमध्ये पाठ केलं आणि ह्या गल्लीत घड्याळ बघत पुढे उभी राहिली.

"एक किलोमीटर का सांगितलंस?"

"पीटीची बाई मी. साठ पावलं सांगू? वर्गात हसतील पोरी."

"मी काय वर्गातली पोर आहे?"

"त्यांच्याहून वाईट. त्या निदान विसरतात. तू लिहून ठेवतेस."

ऋजुताला हसू येतं. आजूबाजूला झाडं दाट झाली आहेत. संत्र्याची झाडं असावीत, पण त्यांना चिंचा लागल्यात. पायवाटेवर वाळूचा बारीक आवाज होतो. ही ती बाग. चौकोन काढला होता तिथं खरंच एक बाक आहे, वर्गातलं लाकडी बाक, दौतीची खाच असलेलं. आत्या त्यावर बसते. दोन्ही हात मांडीवर ठेवते, खांदे हलतात, मग हळूहळू थांबतात. ऋजुता उभीच राहते.

"रोज चौदा मिनिटं सांगायचीस."

"बरोबर सांगायचे. चौदा मिनिटं मी ओट्यावर बसायचे. समोर पोरी खो-खो खेळायच्या, ते बघायचे. मग तुला फोन."

"खोटं बोलायचीस."

"वेळ खरी असायची."

"आत्या, डॉक्टरकडे जायचं होतं. मला एकदा सांगितलं असतंस तर मी त्याच दिवशी निघून आले असते."

"आली असतीस. मला तपासायला नेलं असतंस. त्यांनी झोपवून ठेवलं असतं. अथेन्स रद्द." आत्या बुटाची नाडी सोडते, परत बांधते. "तू रोज नवा नकाशा काढून बसायचीस. फोनवर सांगायचीस, आत्या, डाव्या हाताला नळ आहे, आत्या, इथं सावली आहे, आत्या, ह्या रस्त्याला चार पायऱ्या आहेत पण कठडा आहे. मी डोळे मिटून ऐकायचे. इतकं कुणी माझ्या चालण्याचं बघितलं होतं का कधी? मीच सगळ्यांना चालवलं."

"पण मी खरं काहीच बघितलं नाही."

आत्या बाकावर सरकून जागा करते. ऋजुता बसते. आत्याचा दंड तिच्या दंडाला लागतो, उबदार आहे, आणि तिला वाटतं की हे मोजायला हवं होतं, किती अंश, पण आता कशानं मोजणार.

झाडं संपतात तिथं मैदान दिसतं. पांढरंशुभ्र, लांबट, घोड्याच्या नालेसारखं. दोन्ही बाजूंना संगमरवरी पायऱ्यांच्या रांगा आणि रांगांवर कुणी नाही. मध्ये काळसर धावपट्टी. मधला रस्ता कुठं गेला कळत नाही. त्या मैदानाच्या तोंडाशी शाळेचा ओटा आहे, सिमेंटचा, एका कोपऱ्यात तुटलेला. ओट्याखाली दोन चपला जोडीनं ठेवल्यात.

ऋजुता त्या चपलांकडे बघते. आत्याच्या पायांतल्या बुटांकडे बघते.

"त्या दिवशी," ती म्हणते. "त्या दिवशी तू चाललीस की नाही?"

आत्या मैदानाकडे बघत राहते.

"नुसतं हो की नाही सांग. मला बाकी काही नको."

"ते मला विचारून काय उपयोग, ऋजे. तुला जेवढं माहीत आहे तेवढंच मला इथं माहीत आहे. मी तुझ्या डोक्यात बसलेय, ओट्यावर नाही."

"तरी सांग."

"मी नाही म्हटलं तर तू म्हणशील स्वप्नच ते. हो म्हटलं तर आयुष्यभर खरं मानशील. मी तुला ओळखत नाही काय?"

ऋजुता रडते. आत्या तिला रडू देते. शाळेत कुणी गुडघा फोडून घेतला तरी ती असंच करायची, आधी रडू द्यायची, मग पाणी. वारा नाही. मैदानावर कुणी नसताना कुठूनतरी पोरींचा खो-खोचा आरडाओरडा येतो आणि जातो.

"पेन्सिल दे," आत्या म्हणते.

नकाशा तिच्या मांडीवर आहे. ती चष्मा कपाळावर सरकवते, नाक कागदाला लागेल इतकी वाकते, बागेचं दार शोधते, तिथून बोटानं पुढे येते. बाग संपल्यानंतर, मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, जिथं ऋजुताच्या कुठल्याच नकाशात काही नाही, तिथं ती एक गोल काढते. फळ्यावर काढावा तसा, दाबून.

"इथं दम लागेल. बागेत सावली असते, कळत नाही. बाहेर आलं की लागतो. इथं बसव."

"इथं बाक नाही, आत्या. मी तीनदा तपासलंय."

"तपासलंस म्हणजे कागदावर तपासलंस."

"आणि बसवू कुणाला?"

"मला की."

"तू…" ऋजुता म्हणते, आणि पुढचा शब्द तिला म्हणवत नाही.

आत्या तिच्याकडे बघते. चेहऱ्यावर क्षणभर असा भाव येतो, जणू घरातून निघताना गॅस बंद केला की नाही ते आठवत नाहीये.

"हो की," ती हळूच म्हणते. "ते राहिलंच."

तिचा दंड अजून लागतोय. अजून उबदार आहे. मग तिथं नुसतं ऊन आहे, खिडकीतून टेबलावर आलेलं, आणि फोन वाजतो आहे.

ऋजुता डोकं उचलते. पाच वाजून दहा मिनिटं. गालावर चिकटपट्टीची कड उमटली आहे. फोनवर बाबा आहेत.

"झोपली होतीस काय गं? एजंटाचा परत फोन आला. काय सांगू? दोन्ही रद्द ना?"

ती नकाशाकडे बघते आहे. बाग संपते आणि मोठा रस्ता सुरू होतो त्यामधल्या कोऱ्या जागेत पेन्सिलीचा एक गोल आहे. वाकडा. सुरुवात आणि शेवट नीट जुळलेला नाही. पेन्सिल तिच्याच हातात आहे, टोक मोडलेलं. झोपेत हात हलतो हे तिला माहीत आहे. दाब मात्र इतका, की तिनं कधी एवढं दाबून लिहिलेलं तिला आठवत नाही.

"ऋजुता? ऐकतेस ना?"

"बाबा," ती म्हणते, "एकच रद्द करा."

पलीकडे बाबा नाक ओढतात. "एकटी जाणार?"

"हो."

"तिथं तू काय करणार एकटी, बाळा?"

ती कागद उलटा करते. मागची बाजू कोरी आहे, पांढरी. ती त्यावरून बोट फिरवत जाते, आणि एका जागी गोल हाताला लागतो, उठून आलेला.