बटन फिरवलं आणि नळ बंद झाला

आता तुमच्यापासून काय लपवायचं! माझ्या इंजिनीयरकीला भर सभेत टाळ्या पडल्या त्या आयुष्यात एकदाच, आणि त्या परत कराव्या लागल्या त्याही तिथंच. आधी चहा घ्या, मग हसा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला आणि विहिरी कोरड्या, असं ते साल! मी नांदेडला कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो आणि घरी फिल्टर बनवायचो. पाण्याचे नव्हे हो, आवाजाचे! लाउडस्पीकरातली घरघर गाळणारा डबा. कोणती घरघर गाळायची ते पुढचं बटन फिरवून ठरवायचं. सोपं वाटतं ना? अहो, त्या एका बटनामागं दोन कप्पे असतात आणि दोन्ही अगदी एका मापानं फिरावे लागतात. जुन्या बाजारातून मी अशी पिशवीभर बटनं आणली, रविवारभर मोजत बसलो, तेव्हा एक नीट निघालं. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा इतकं पारखलं नव्हतं!"

एकदा लातूरच्या एका कचेरीतून बोलावणं आलं. तिथं दर सोमवारी टँकरची यादी वाचायचे, कोणत्या गावाला कोणत्या वारी पाणी. पण भोंग्यात अशी घूंऽऽ, की काही कळायचंच नाही. लोकांचा वार चुकायचा, म्हणजे आठवडाभर घसा कोरडा. हेडक्लार्क कांबळेसाहेब म्हणाले, "सर, आज यादी ऐकू आली, तर प्रत्येक तालुक्याला तुमचाच डबा."

मी तर तिथल्या तिथं मनात कारखाना काढला.

भोंगेवाले खाजाभाई जुने मेकॅनिक. म्हणाले, "सर, पैले वायर किधर से गयी वो देख लेते."

मी म्हणालो, "खाजाभाई, हे वायरचं काम नाही, गणिताचं आहे."

बघा, किती हुशार माणूस मी!

हॉल खचाखच. मी माइक घेतला. "ऐका, ही आधीची घूं." घूंऽऽऽ. "आता बघा!" आणि बटन हळूहळू फिरवलं. "कमी होतेय की नाही?"

"हाव! हाव!" सगळे ओरडले. मलाही कमी झालेली अगदी स्पष्ट ऐकू आली, शप्पथ! आणखी जरा फिरवलं आणि टप्! चिडीचूप. टाळ्याच टाळ्या!

मी छाती फुगवून म्हणालो, "हे कुणी बंद केलं? मी! ह्या बटनानं!"

तेवढ्यात दारातून एक मावशी घुसल्या. देवणीकडच्या होत्या. आवारातल्या बोअरच्या नळावर रांगेत उभ्या होत्या.

"अर्धी घागर भरली आन पानी गेलं! कुनी बंद केलं?"

अख्ख्या हॉलनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"ह्या सरांनी बटन फिरवलं, तवाच गेलं बगा!"

"मंग उलटं फिरवा की!"

"मावशी, ह्याचा पाण्याशी काही संबंध…"

"फिरवा म्हन्ते ना!"

फिरवलं. नळाकडून आरोळी आली, "न्हाई आलं!" आणखी फिरवलं. "न्हाई!" मागून कुणीतरी म्हणालं, "लई दिवसाचा बोअर आटवला की हो सरांनी!" लोक उठायला लागले. कांबळेसाहेबांचा चेहरा पडला. "सर, हा डबा प्रत्येक तालुक्याला पाठवणार होतो आपण!"

पण मला वेगळीच धास्ती बसली होती. बटन पुरतं उलटं फिरवलं, तरी घूं परत का येत नाही?

खाजाभाई डब्यामागं वाकले. माझ्या कानात हळूच म्हणाले, "सर, खटका तो बाहर हय."

मेलो! डब्याच्या पाठीला एक खटका होता. बाहेर केला की आवाज डब्याला वगळून सरळ भोंग्यात. आधीची घूं ऐकवायला मी तो बाहेर केला आणि टाळ्यांच्या हौसेत आत करायचाच विसरलो. माझा डबा नुसता शोभेला बसला होता! मग घूं कशानं गेली? माइकची वायर आणि बोअरच्या मोटारीची वायर एकाच खिळ्याला लटकलेल्या, मोटारीचीच घूं माइकच्या वायरीत शिरत होती. बोअर आटला, शिपायानं मोटार बंद केली, घूं संपली. बस्स, एवढंच गणित!

आता बोला! बोअर आटवणारा व्हायचं, की बिनकामाचा डबा विकणारा? लाज तर अशी वाटली, की नांदेडपर्यंत पळत जावं. पण मावशींची अर्धी घागर समोर होती. माइक उचलला.

"मंडळी, ह्या डब्यानं काहीच केलेलं नाही. तो चालूच नव्हता."

माझा आवाज इतका स्वच्छ कधीच आला नव्हता.

खाजाभाईंनी माइकची वायर खिळ्यावरून काढून पलीकडच्या खिडकीतून नेली. कांबळेसाहेबांनी यादी वाचली, शब्द न् शब्द कळला. देवणीला बुधवार. मावशींनी दोनदा विचारून खात्री केली, घागर कडेवर घेतली आणि जाता जाता माझ्यापाशी थांबल्या. कांबळेसाहेबांनी यादी संपवून दिलेला माइक माझ्या हातात, चालूच. त्यांचं बोलणं भोंग्यातून नळापर्यंत खणखणीत गेलं.

"मंग सर, मगाशी टाळ्या कशाच्या घेतल्या?"