उपणलेली वाळू

पैनगंगेकाठच्या त्या खेड्यात मी मास्तर म्हणून गेलो तेव्हा वय होतं तेवीस, आणि अक्कल त्याहून कमी. भूगोल मात्र छाती काढून शिकवायचो. शाळेसाठी विहीर खोदायचं ठरलं आणि गावाने देखरेख माझ्यावर सोपवली.

काळी माती संपली, चुनखडीचे खडे संपले आणि पंधरा हातांवर वाळू लागली. रव्यासारखी बारीक, कोरडी. मी हरखलो. नदी पूर्वी इथूनच वाहत असणार, म्हणजे पाणी आलंच!

खोदणारा म्हातारा मात्र वर येऊन बसला. "गुरुजी, हे वाळू नदीची नोय. वाऱ्यानं आणेल हाय."

त्याने सूप मागवलं. खळ्यावर ज्वारी उपणतात तशी आधी नदीतली वाळू वाऱ्यावर धरली. खडे पायाशी पडले, धूळ उडून गेली. मग विहिरीतली धरली. ती सगळी एकाच जागी पडली.

"पाहा, आधीच उपणेल हाय. लय वर्सं पानी पडलं नसन, नदी कोरडी असन, तवा वाऱ्यानं आणून टाकली. हे उभी राहत नाही. पयले दगडानं बांधून घेऊ, मंग उतरू."

"वाळवंट मारवाडात असतं, बाबा," मी सगळ्यांसमोर हसून म्हणालो. खरं तर आमच्या या काळ्या रानाकडेही पावसाने कधीकाळी पाठ फिरवली असेल, ही कल्पनाच सोसेना. पण चारचौघांत कबूल कोण करणार? "उतर तू," मी म्हणालो. तो उतरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी कड खचली. फारसा आवाजही झाला नाही. छातीपर्यंत गाडलेल्या म्हाताऱ्याला आम्ही हातांनी उकरून काढलं. जीव वाचला, पण उजवा पाय कायमचा अधू झाला. पाणी लागलंच नाही. विहीर बुजवून टाकली.

उन्हाळ्यात नदी आटली. एका संध्याकाळी पाहिलं तर पात्रातली वाळू वाऱ्याने उडून शेताच्या बांधाला टेकत होती, तिरक्या थरांनी. विहिरीच्या कडेला अगदी असेच थर मी पाहिले होते. माझीच मला चीड आली. तसाच त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर बसून सुतळी वळत होता.

"तुमचं खरं होतं," मी म्हणालो.

"मले मालूम होतं न."

"मग उतरलात का?"

त्याने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"तुमी शिकेल मानूस, म्हणून."