अंगठ्याचं नख

"जीब दाखव!"

गाडी समोर येऊन उभी राहिली की बॉनेटवर थाप मारून आमच्या स्टँडवरचा मेस्त्री एवढंच म्हणायचा. माणसाला नव्हे, गाडीला. मग पाना फिरवून स्पार्क प्लग बाहेर काढायचा, फडक्यात धरायचा आणि त्याच्या टोकावरून अंगठ्याचं नख फिरवायचा. नख मुद्दाम वाढवलेलं. नव्या प्लगच्या टोकाच्या कडा धारदार असतात, जळून जळून त्या गोल होत जातात. त्याच्या नखाला ते कळायचं. "आठ हजार मैल झालं. अजून दोन चालंल." आणि चालायचा बरं का, दोनच!

हल्लीचे प्लग म्हणे लाख लाख किलोमीटर जातात. परवा एका गॅरेजात ऐकलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकून बरं वाटलं नाही. आमच्या वेळी, एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या आसपास, दहा हजार मैलांत प्लगचा खेळ खलास. आम्ही पनवेलहून मोरा बंदरापर्यंत टॅक्सी मारणारे. तेवढ्यावर प्लग टाकून देणं आमच्या जिवावर यायचं. पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवायचो. त्याला या प्रकाराचा भयंकर तिटकारा. स्टँडच्या मागेच तळं होतं. आपण हात पुढे करायच्या आत प्लग पाण्यात!

"मेलेल्याला घासून जित्ता करतोस काय?"

'टाक तळ्यात' हे त्याचं पालुपद होतं. फाटका टायर, तळ्यात. भांडकुदळ मेहुणा, तळ्यात. आम्ही हसायचो. मेला बोलायचाच तसा.

माझे वडील टांगा विकल्यापासून स्टँडवरच्या बाकावर येऊन बसायचे. एके दिवशी त्यांना खोकल्याची उबळ आली, थांबेचना. हा हातातला प्लग त्यांच्याकडे रोखून म्हणाला, "या म्हाताऱ्याचं दहा हजार कवाच झालं. टाका तळ्यात!" सगळे खो खो हसले. वडीलही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते बाकावर आले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले आणि दोन महिन्यांत गेले.

हा तेराव्याला आला. पोटभर जेवला, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चांगला मानूस व्हता." स्वतः काय बोललो होतो ते साफ विसरला होता. मी विसरलो नव्हतो.

वर्षभराने माझ्या लक्षात आलं, त्याला दिसेनासं झालंय. माझी गाडी पुढ्यात उभी असताना त्याने विचारलं, "कोनाची रं?" प्लगचा रंग बघणं त्याने केव्हाच सोडलं होतं. सगळा कारभार नखावर चालला होता. मी कुणाला बोललो नाही. कोरा प्लग आणला आणि घरी बसून बारीक कानशीने त्याच्या टोकाच्या कडा गोल केल्या. संध्याकाळभर. इतकं मन लावून मी आयुष्यात दुसरं काम केलं नाही.

सकाळी स्टँड भरलेला असताना तो प्लग त्याच्या हातात दिला. पांढरंशुभ्र चिनीमातीचं अंग, पितळेसारखी चकाकी. दहा पावलांवरून कुणालाही नवा दिसावा. त्याने नख फिरवलं.

"घासून आनलास होय? कडा बघ, पार गोल झाल्यात. दहा हजार कवाच झालं." आणि भिरकावला तळ्यात.

मी खिशातून नव्या प्लगचा खोका काढून हलवला. "अहो, कालच घेतलाय! कोरा होता कोरा!"

काय हसले लोक! एक जण तर बाकावरून खाली पडला. "मेस्त्री आंधळा झाला रे!" कुणीतरी ओरडलं. तो हसला नाही. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेऊन तळ्यात उतरला आणि चिखलात हात घालून चाचपू लागला. हाताला येत होते ते त्यानेच वर्षानुवर्षं फेकलेले प्लग. एकेकावर नख फिरवायचा. "ह्यो नाय... ह्यो बी नाय..." हळूहळू हसू थांबलं. दुपारपर्यंत तो पाण्यातच होता. तो प्लग काही सापडला नाही.

त्यानंतर गाड्या दुसरीकडे जाऊ लागल्या. आठवड्याने तो माझ्याकडे आला. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. हा माणूस कधी हळू बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"डोळं गेलं, त्ये माज्या ध्यानात हाय. पन नख खोटं बोलत नाय रं. खरं सांग. कडा गोल व्हत्या ना?"

एक 'हो' म्हटलं असतं तर त्याचं काम त्याला परत मिळालं असतं. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण त्याच्या बाजूलाच, दाराशेजारच्या भिंतीवर वडिलांचा टांग्याचा चाबूक टांगलेला होता.

"नाही," मी म्हणालो. "धारदार होत्या."

त्याने मान हलवली. "असंल," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो हत्यारं विकायला स्टँडवर आला. एकेक पाना हाताने चाचपून, मग घेणाऱ्याला देत होता. माझ्या वाट्याला प्लगचा पाना आला. घेताना त्याचा अंगठा दिसला. नख मुळापर्यंत कापलेलं होतं.